इंटरनेटवरची नावे कोण ठरवतो?

शाळेत विद्यार्थी दाखल झाला की त्याचे नाव जनरल रजिस्टरमध्ये चढते. पुढे दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर तेच नाव चालते. त्यात एखादी वेलांटी चुकली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे शिक्षकांना सांगायला नको. इंटरनेटचेही असेच एक रजिस्टर आहे. ते कोणी लिहायला घेतले, कोणत्या लिपीत लिहिले आणि ते कोणाच्या ताब्यात असावे, याची ही हकिकत आहे.

डिजिटल विषमता म्हटले की संगणक कोणाच्या घरी आहे, मोबाइल कोणाच्या हातात आहे, एवढाच विचार सहसा होतो. तो आवश्यकच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते. पण विषमतेला आणखी एक पदर आहे. ज्याच्या हाती मोबाइल आला, त्याला या जाळ्यात आपल्या भाषेत आपले नाव लावता येते का?

एक यादी, एक कार्यालय

इंटरनेटचा पूर्वज असलेले आर्पानेट हे जाळे अमेरिकेत १९६९ साली सुरू झाले. जाळ्यातील संगणक एकमेकांना अंकी पत्त्यांनी ओळखतात. माणसाला मात्र नावे लक्षात ठेवणे सोपे जाते. म्हणून कोणत्या नावाचा पत्ता कोणता, याची एक यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. तेथील माहिती केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर होत्या. नवा संगणक जोडला की त्यांच्या कार्यालयाला कळवायचे आणि यादीत भर घालून घ्यायची, अशी साधी पद्धत होती.

संगणक वाढले तशी एका यादीवर भिस्त ठेवणे अवघड झाले. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची उतरंड सुचवली. पोस्टाच्या पत्त्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव असते तसेच हे. सर्वांत वर ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ यांसारखी अंत्यनामे आणि प्रत्येकाखालच्या नावांची नोंद त्या त्या व्यवस्थापकाकडे. त्यामुळे मुळाशी असलेली यादी लहान राहिली. पण तिचे महत्त्व मात्र वाढले. त्या यादीत नसलेले अंत्यनाम जगाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

ही मूळ यादी जॉन पोस्टेल हे संशोधक सांभाळत. देशांची अंत्यनामे देताना त्यांनी एक शहाणपणाची वाट धरली. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही हे ठरवणे आपले काम नव्हे, असे म्हणून त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार देशसूची स्वीकारली.

सदतीस चिन्हांचे जग

नावे लिहायची ती कोणत्या अक्षरांत, हा प्रश्न त्या वेळी कोणालाच पडला नाही. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ संकेतात १२८ जागा होत्या आणि त्यांत बसली ती इंग्रजीची अक्षरे. संकेतस्थळांच्या नावांसाठी त्यांतलीही फक्त २६ अक्षरे, १० अंक आणि एक जोडरेघ एवढीच ठेवली गेली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. नियम करणाऱ्यांना ती ३७ चिन्हे पुरत होती, इतकेच. पण पायाभूत नियम एकदा हजारो यंत्रांत शिरला की तो बदलणे फार कठीण होते. निर्णयाच्या वेळी हजर नसलेल्यांना त्याचा भार पुढे अनेक वर्षे वाहावा लागतो.

रजिस्टर कोणाच्या ताब्यात?

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ यादीच्या प्रती ठेवणाऱ्या आठ केंद्रांना आपल्याकडची यादी प्रमाण मानण्याची विनंती केली आणि त्या केंद्रांनी ती मान्यही केली. अमेरिकी शासन खडबडून जागे झाले आणि पोस्टेल यांना हा बदल मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली. ऑक्टोबरात पोस्टेल यांचे निधन झाले.

साऱ्या जगाच्या यादीवर एका देशाच्या शासनाची देखरेख असावी का, हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या जिनिव्हा आणि २००५ च्या ट्यूनिस येथील परिषदांत रंगला. त्यासाठी नेमलेल्या कार्यगटाचे अध्यक्ष भारतीय अर्थतज्ज्ञ नितीन देसाई होते. त्यातून विचारविनिमयासाठी एक वार्षिक सभा सुरू झाली. डिसेंबर २००८ मध्ये ती हैदराबादला भरली. या सभेला निर्णयाचा अधिकार नव्हता. अमेरिकी शासनाने आपली देखरेख प्रत्यक्ष सोडली ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी.

देवनागरीचा प्रवेश

दरम्यान लिपीचा प्रश्न पुढे आला. जुनी यंत्रणा न मोडता नव्या लिपी कशा बसवायच्या? २००३ साली तोडगा निघाला. वाचकाने आपल्या लिपीत नाव लिहायचे आणि संगणकाने पडद्याआड त्याचे रूपांतर त्याच ३७ चिन्हांत करायचे. ‘भारत’ हे अंत्यनाम यंत्रापर्यंत पोचते तेव्हा ते ‘एक्स एन, दोन जोडरेघा, एच २ बी आर जे ९ सी’ असे झालेले असते. मे २०१० मध्ये अरबी लिपीतील पहिली अंत्यनामे सुरू झाली आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ आले. त्यात हिंदीबरोबर मराठी आणि कोकणीचीही सोय होती.

पण मराठीची एक अडचण हिंदीला नव्हती. आपण ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत भेद करतो. पहिला शब्द गुरूसाठी, दुसरा स्वयंपाक्यासाठी. दुसऱ्या शब्दातला र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर दुसऱ्यात साध्या ‘र्’ नंतर पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह देतात. २००३ च्या नियमाप्रमाणे नावातील हे अदृश्य चिन्ह गाळले जाई. म्हणजे स्वयंपाकी नावात शिरला की त्याचा गुरू होई! २०१० च्या सुधारित नियमांत विशिष्ट ठिकाणी हे चिन्ह चालू लागले. तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दिसायला सारखे असलेले हे दोन शब्द यंत्राला वेगळे वाटतात, म्हणून शोध घेताना एक लिहिला तर दुसरा हाती लागेलच असे नाही.

देवनागरी नाव नोंदवता येणे आणि ते सगळीकडे चालणे यांतही अंतर आहे. देवनागरीतील ई-मेल पत्ता आजही अनेक ऑनलाइन अर्जांत ‘अवैध’ ठरतो. नियम बदलले, पण ते नियम पाळणारी यंत्रणा अजून सर्वत्र पोचलेली नाही.

वर्गात हा विषय घेताना एक छोटी पाहणी करून घेता येईल. गावातील दुकानांच्या पाट्या, बँक, ग्रामपंचायत, शाळा यांवर दिसणारे संकेतस्थळांचे आणि ई-मेलचे पत्ते विद्यार्थ्यांनी उतरवून आणावेत. त्यांत देवनागरीत किती, हे मोजावे. पाटी मराठीत असताना पत्ता मराठीत का नाही, असे पाटीच्या मालकालाच विचारावे. मिळालेली उत्तरे फळ्यावर मांडली, की तंत्रज्ञानातले नियम आपोआप तयार होत नाहीत, ते माणसे करतात आणि माणसांना ते बदलताही येतात, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.