डिझेल ट्रक थंडीत सुरू होत नाही? अ‍ॅडिटिव्हची बाटली घेण्याआधी हे वाचा

थंडी पडली की एक रील हमखास फिरतं. बर्फात उभा ट्रक, ड्रायव्हर टाकीत छोटी बाटली ओततो, सेल्फ मारतो आणि इंजिन धडधडायला लागतं. आमचं दासगाव मुंबई-गोवा हायवेवरच आहे, महाड एमआयडीसीचा माल घेऊन जाणारे ट्रक रोजचे. त्यामुळे "ती बाटली आपल्या गाडीला चालेल का रे?" हा प्रश्न मला दर डिसेंबरात येतो. उत्तर आधीच देतो: गाडी कोकणातच फिरत असेल तर पैसे वाचवा. काश्मीर, हिमाचल किंवा लडाखकडे निघाली असेल तर बाटली घ्या, पण ओतायची वेळ रीलमध्ये दाखवतात ती नाही.

थंडीत डिझेलचं काय होतं?

डिझेलमध्ये थोडं मेण नैसर्गिकपणेच विरघळलेलं असतं. गारठा वाढला की त्या मेणाचे बारीक स्फटिक होतात, आधी डिझेल गढूळ दिसतं, मग स्फटिक फिल्टरच्या कागदावर बसतात आणि फिल्टर चोंदतो. टाकीतलं डिझेल अजून पातळ असलं तरी इंजिनापर्यंत पोचत नाही. त्याहून गारठा वाढला की डिझेल वाहायचंच थांबतं.

भारतीय मानकात यासाठी दोन हंगामांच्या मर्यादा आहेत. फिल्टर चोंदण्याचं तापमान हिवाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त ६ अंश सेल्सिअस, उन्हाळीसाठी १८ अंश. आता दासगावचा विचार करा. इथे पारा १० अंशांखाली गेला तर ती बातमी होते. घरातलं खोबरेल थिजतं म्हणून डिझेलही थिजलं असेल असं वाटतं खरं, पण खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला मुक्काम केलात, तर वेण्णा तलावाजवळ गवतावर हिमकण दिसतील. तिथे एखादी पहाट कठीण जाऊ शकते. खाली नाही.

बाटलीत असतं काय?

दुकानात 'डिझेल अ‍ॅडिटिव्ह' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक मेण जमू न देणारी. तिच्यातलं रसायन मेणाच्या स्फटिकांना चिकटतं आणि त्यांना मोठं होऊ देत नाही, त्यामुळे ते फिल्टरमधून निसटतात. म्हणजे ही बाटली मेण व्हायच्या आधी, डिझेल कोमट असतानाच टाकीत जायला हवी. जमलेलं मेण ती विरघळवत नाही. रील इथेच फसवतं. (जमलेलं मेण सोडवणारी बाटली वेगळी मिळते, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.)

दुसरी बाटली सीटेन वाढवणारी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सीटेन जास्त असेल तर लवकर पेटतं. बीएस-६ डिझेलचा सीटेन आकडा मुळातच किमान ५१ असतो, त्यामुळे आपल्याकडे या बाटलीने फारसा फरक पडायचं कारण नाही.

मग पहाटे गाडी का अडते?

इथे खरं काम आहे. मी पहिल्यांदा विचारतो, सेल्फ कसा फिरतोय? आळसावून 'घर्र... घर्र' करत असेल तर बॅटरी बघा. थंडीत आपल्या फोनची बॅटरी जशी ढेपाळते तशीच ट्रकची, वर इंजिन ऑइलही जाड झालेलं. इंजिन हळू फिरलं की हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात. रात्रभर उभ्या गाडीत मीटर साधारण २५ दाखवायला हवं. २४ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल धरलंय का तेही बघा, कित्येकदा तेवढंच असतं.

सेल्फ जोरात फिरतोय, पण गाडी घेत नाही? मग सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. पिकअपसारख्या छोट्या गाडीत हीटर प्लग तपासा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाहीये, म्हणजे फिल्टर चोंदलाय, एअर धरली आहे किंवा पाणी आलंय.

पाणी हा आपल्या भागाचा खरा शत्रू. पावसाळाभर हवा दमट, टाकी अर्धी रिकामी, रात्री आत वाफ धरते आणि तिचं पाणी तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल भेटतात तिथे जंतू वाढून काळसर चिकट गाळ होतो. जुलै २०२१ मध्ये महाडमध्ये पुराचं पाणी शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाडीची गोष्टच वेगळी. तिला सेल्फ मारायचाच नाही, आधी टाकी, फिल्टर आणि ऑइल रिकामं करायचं. रोजच्या गाडीला मात्र फिल्टरखालचा नळ सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि मोबाईलचा टॉर्च मारा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, मग हँड पंप मारून एअर काढा. खर्च शून्य.

उत्तरेकडे निघताना

माझा सल्ला बाटलीपेक्षा टाकीबद्दल जास्त आहे. महाराष्ट्रातलं डिझेल टाकीभर घेऊन थेट घाटमाथ्यावरच्या बर्फात जाऊ नका. थंड पट्ट्याच्या अलीकडे टाकी कमी होऊ द्या आणि तिकडच्या पंपावर भरा. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, पानिपत रिफायनरीत बनलेलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं. मुक्कामाच्या गावाचं रात्रीचं तापमान वेदर अ‍ॅपवर आदल्या दिवशीच बघा. अ‍ॅडिटिव्ह टाकायचं ठरलंच, तर लेबलवरच्या मापाने आधी बाटली, मग वरून डिझेल, म्हणजे नीट मिसळतं. दुप्पट ओतून दुप्पट फायदा होत नाही.

डीईएफ, ज्याला ड्रायव्हर लोक युरिया म्हणतात, ते अ‍ॅडिटिव्ह नव्हे. ते निळ्या झाकणाच्या टाकीतच जातं. चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी रिकामी करा. ते उणे ११ अंशांना गोठतं, पण त्याने गाडी सुरू व्हायची थांबत नाही. गाडी स्वतःच ते वितळवून घेते.

रॉकेल मिसळायचा जुना उपाय अजून ऐकू येतो. ती कायद्याने भेसळ आहे. शिवाय रॉकेलमध्ये वंगण कमी आणि गंधक जास्त, बीएस-६ गाडीचा पंप आणि सायलेन्सरमधली यंत्रणा दोन्ही जातात. इथर स्प्रेपासून तर लांबच रहा. हीटर असलेल्या इंजिनात तो आतल्या आतच भडकतो. टाकीखाली शेकोटी पेटवणारे व्हिडिओ पाहून कुणी तसं करू नये. वायरिंग आणि प्लास्टिकचे पाइप तिथेच असतात आणि केबिनमध्ये बहुतेक वेळा कुणीतरी झोपलेलं असतं.

रस्त्यात डिझेल गोठलंच तर सेल्फ मारत बसू नका, बॅटरीही जाईल. फिल्टर बदला, नवा फिल्टर भरायला कोमट जागेत ठेवलेलं डिझेल वापरा, पाइपवर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळा आणि ऊन चढेपर्यंत थांबा.