ब्रेकचा ब्रेडेड होज घरी बनवता येतो का? आधी हे समजून घ्या

बाइकचा पुढचा डिस्क ब्रेक मऊ, स्पंजसारखा लागतोय अशी तक्रार केली की 'ब्रेडेड होज टाक' हा सल्ला हमखास मिळतो. स्टीलच्या तारांची वीण असलेला हा पाइप तयार मिळतो, तसेच होज आणि फिटिंग सुटे घेऊन तो घरीही जोडता येतो. जोडणं फार अवघड नाही. पण जोडताना झालेली चूक बाहेरून दिसत नाही, ती दिसते जोरात ब्रेक मारल्यावर. म्हणून आधी थोडं समजून घेऊ.

होजचं काम काय?

लीव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो. ऑइल जवळपास आकुंचन पावत नाही, त्यामुळे दाब होजमधून कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि पॅड डिस्कला आवळतात. रबरी होज या दाबाने किंचित फुगतो, जुना झाला की जास्तच. ब्रेडेड होजमध्ये आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टेनलेस स्टीलची वीण असते. ही वीण नळीला फुगू देत नाही, म्हणून लीव्हर घट्ट लागतो.

मात्र गाडी कमीत कमी किती अंतरात थांबेल, हे शेवटी टायरच्या पकडीवर ठरतं. ब्रेडेड होजने ब्रेकवरचा ताबा सुधारतो, टायरची पकड वाढत नाही.

आधी ब्रेक ऑइल तपासा

लीव्हर मऊ लागण्याचं कारण अनेकदा होज नसतोच. डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापले की असं ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि लीव्हर आत जातो. त्यामुळे आधी ऑइल बदलून, सिस्टिममधली हवा काढून बघावी.

जोडणी कशी करतात?

१. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण उघडं ठेवून लांबी मोजतात. होज कुठेही ताणला जाता कामा नये.

२. कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून बारीक दातांच्या ब्लेडने सरळ कापतात, म्हणजे तारा विस्कटत नाहीत.

३. फिटिंगचा बाहेरचा नट आधी होजवर सरकवून घेतात. मग पट्टी काढून वीण अलगद बाहेर उघडतात.

४. 'ऑलिव्ह' नावाची छोटी पितळी रिंग वीण आणि टेफ्लॉनच्या नळीच्या मध्ये, शेवटपर्यंत बसवतात.

५. फिटिंगचं टोक नळीत घालून नट व्हाइसमध्ये धरून आवळतात. बॅन्जोचा कोन आधीच ठरवावा लागतो, नाहीतर होजला पीळ बसतो.

६. आतले कण हवेच्या झोताने काढून टाकतात.

बसवताना प्रत्येक बॅन्जोला दोन नवे तांब्याचे वॉशर लागतात. बोल्टचे आटे १.० की १.२५ मिलिमीटरचे, हे जुळवून घ्यावं. चुकीचा बोल्ट आटे खराब करतो.

चूक कुठे होते?

ऑलिव्हखाली एक तार जरी अडकली, तरी सील नीट बसत नाही. नळी तिरकी कापली तरी तेच. एकदा आवळलेलं ऑलिव्ह पुन्हा वापरायचं नसतं. होज फ्रेमला घासत राहिला तर स्टीलची वीण करवतीसारखं काम करते. शिवाय रबरी होजवर भेगा दिसतात, इथे आतली नळी वीणेआड लपलेली असते.

गिझरला लावतात ती विणलेली नळी दिसायला अशीच असते. ती पाण्यासाठी बनवलेली आहे. ब्रेकला अजिबात वापरू नये.

चाचणी का महत्त्वाची?

अमेरिकेच्या 'एफएमव्हीएसएस १०६' या मानकानुसार हायड्रॉलिक ब्रेक होजला ४,००० पीएसआय दाब दोन मिनिटं सहन करावा लागतो. होज सतत हलवत ठेवण्याची ३५ तासांची चाचणी वेगळी. घरी यातलं काहीच करता येत नाही. लीव्हर जोरात दाबून धरला आणि गळती दिसली नाही, एवढ्यावरून जोड सुरक्षित ठरत नाही.

मग करावं की नाही?

रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी कारखान्यात यंत्राने दाबून जोडलेला, चाचणी झालेला होज घेणं शहाणपणाचं. घरी बनवायचाच असेल, तर ब्रेकसाठीच बनवलेला होज आणि त्याच कंपनीची फिटिंग घ्यावीत. दाब तपासण्याचं यंत्र असलेल्या ठिकाणाहून चाचणी करून घेतल्याशिवाय तो गाडीला लावू नये. कारमध्ये ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किट असतात. बहुतेक बाइकच्या पुढच्या ब्रेकला एकच असतं, आणि तिथला जोड सुटला तर पुढचा ब्रेक पूर्ण जातो.