हौसेला मोल किती?



‘हौसेला मोल नसतं’ हे वाक्य आपल्याकडे कोण कधी म्हणतं, ते एकदा नीट ऐकून बघा. शंकरपटासाठी घरातल्या कर्त्या माणसानं दोन-चार लाखांची बैलजोडी दावणीला आणून बांधली की पारावरची माणसं म्हणतात, ‘शौक मोठा आहे गड्याचा, हौसेला मोल नसतं.’ २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींचा मार्ग मोकळा केल्यापासून तर अशा बैलांना खुराक, मालिश, वाहतूक असा सगळा थाट असतो. पण त्याच घरातल्या बाईनं भिशीचे पैसे लागल्यावर खरी पैठणी घ्यायचं मनात आणलं तर तिच्या वाट्याला दुसरं वाक्य येतं. ‘एवढ्याचं लुगडं? नेसणार किती वेळा?’ एकाचा तो शौक आणि दुसरीची ती उधळपट्टी. हिशेब करायचाच तर मग सगळ्यांच्याच हौसेचा करू या, आणि तो आपल्या पैठणपासूनच करू या. कारण दोन हजार वर्षांपासून या गावाचं पोट बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या हौसेवर भरत आलं आहे.

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. त्या घराण्यातली नागनिका राणी आपण शाळेत कधी शिकलो नाही, पण जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात तिचा मोठा शिलालेख आहे. त्यात काय आहे? खर्चाची यादी. कोणता यज्ञ केला, त्यात किती गायी दिल्या, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण म्हणजे त्या वेळची नाणी दक्षिणेत गेली, हे सगळं दगडात कोरलं आहे. आकडे हजारांत आहेत. आपल्याला त्यात श्रद्धा दिसेल, इतिहासकारांना सत्तेचा डौल दिसतो. आम्हाला मात्र गंमत वाटते ती याची, की महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या मोठ्या लेखांपैकी एक लेख म्हणजे एका बाईच्या घरचा जमाखर्च आहे, आणि तिला तो लपवावासा वाटला नाही.

सातवाहनांच्याच काळात तिकडे रोममध्ये एक गृहस्थ बायकांच्या हौसेवर फार चिडले होते. त्यांचं नाव प्लिनी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यात ते गेले. त्यांनी निसर्गावर एक प्रचंड ग्रंथ लिहिला आणि त्यात एके ठिकाणी हिशेब मांडला. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दर वर्षी आपल्या साम्राज्यातून कमीत कमी १० कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, ओढून नेतात, आणि एवढी किंमत आपण आपल्या चैनीसाठी आणि बायकांसाठी मोजतो, अशा अर्थाचं ते लिहून गेले. सिनेटमधले पुरुष कोणत्या मेजवान्या झोडत होते, कशासाठी गुलाम पोसत होते, तो खर्च मात्र या वाक्यात नाही. दोन हजार वर्षांत बोलण्याची तऱ्हा काही बदललेली नाही.

त्या पैशातला काही वाटा आपल्या गोदाकाठी येत असे. ‘पेरिप्लस’ नावाचं एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं प्रवासाचं पुस्तक आहे. भरुच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं त्यात दिलं आहे. पैठणहून गोमेद-अकीकाच्या जातीचे खडे आणि तगरहून तऱ्हेतऱ्हेचं सुती कापड गाड्यांत भरून खराब रस्त्यांनी भरुचला जाई. इथे एक गोष्ट सांगून टाकतो. ‘रोमच्या राण्या पैठणी नेसायच्या’, ‘सोन्याच्या भारोभार पैठणी विकली जायची’ असं भाषणांत आणि दुकानांच्या पाट्यांवर सर्रास असतं. त्या पुस्तकात पैठणीचं नाव नाही. कापड आहे, व्यापार आहे, पैठण आहे. एवढंही आपल्या गावाला पुरेसं मोठेपण आहे, त्यावर आणखी जर चढवायची गरज नाही. त्या काळच्या वस्तू बघायच्या तर गावातच बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पैठणच्या जुन्या टेकाडांतून मिळणाऱ्या वस्तू जमवायच्या, या त्यांच्या नादातून ते उभं राहिलं. मातीचे मणी आणि खापरं गोळा करणाऱ्या माणसालाही लोक आधी वेडाच म्हणत असणार.

पैठणीच्या हौसेचे पक्के धागे सापडतात ते पुढे, पेशवाईत. डॉ. रा. श्री. मोरवंचीकर यांनी पैठणच्या आणि पैठणीच्या इतिहासावर पुस्तकं लिहिली. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणच्या कापडाची मागणी सापडते. थोरले माधवराव कडक शिस्तीचे म्हणून आपल्याला माहीत आहेत. पण त्यांनी असावलीचे, म्हणजे वेलबुट्टीचे दुपट्टे मागवले तेव्हा रंग नेमके सांगितले होते : लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. रंगांची अशी निवड बघून आम्हाला तो पानिपतानंतरचा, कर्जाचा डोंगर उपसणारा तरुण पेशवा एकदम जवळचा वाटला. शिस्तीच्या माणसालाही डाळिंबी रंग हवा असतोच.

मग निजामाचं राज्य. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत पैठण हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे आपल्या मागावरचं लक्ष हैदराबादकडे लागलेलं असे. त्या घराण्याच्या हौशी ऐकल्या तर आपण चाट पडतो. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचं कपड्यांचं कपाट हैदराबादच्या पुरानी हवेलीत आजही दाखवतात. कपाट कसलं, लांबलचक दालनच ते, दोन्ही बाजूंना लाकडी दारं आणि वर माडी. एकदा अंगाला लागलेला पोशाख ते पुन्हा घालत नसत, असं सांगतात. त्यांनीच तो प्रसिद्ध जेकब हिरा घेतला, त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि हिऱ्यावरून मन उडालं. त्यांचे चिरंजीव उस्मान अली खान यांना तो वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला आणि त्यांनी तो कागदावर वजन म्हणून ठेवला, अशी गोष्ट आहे. हे उस्मान अली जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ म्हणून १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले, आणि स्वतःच्या कपड्यांच्या बाबतीत मात्र चिक्कू म्हणून ओळखले गेले. पुढे १९९५ मध्ये भारत सरकारनं त्या घराण्याचे दागिने, जेकब हिऱ्यासकट, २१८ कोटी रुपयांना घेतले.

याच घरात १९३१ मध्ये एक सून आली. निलोफर, तुर्कस्तानच्या उस्मानी राजघराण्यातली मुलगी. पैठणीच्या काठापदरावर काही नवे नमुने तिच्या आवडीनं आले असं विणकरांकडे सांगितलं जातं. हौशी माणसाचा एक उपयोग हा असा असतो. त्याला जुन्यापेक्षा वेगळं हवं असतं, तो त्यासाठी थांबायला आणि पैसे मोजायला तयार असतो, आणि मग कारागिराच्या हाताला नवं वळण मिळतं. मोर, पोपट, नारळी काठ, कमळ हे सगळे नमुने आकाशातून पडलेले नाहीत, कुणीतरी मागितले म्हणून आले.

पण राजेरजवाडे गेले की मागणीही जाते. पैठणचे विणकर येवल्याला गेले, ते रघोजी नाईकांनी नेऊन वसवले असं येवलेकर सांगतात, आणि आज मागांचा गजबजाट तिकडेच जास्त. आपल्या गावात माग जवळजवळ थांबायला आले होते. १९७४ च्या सुमारास महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळानं पैठणला केंद्र सुरू केलं, नव्या मुलामुलींना शिकवलं, म्हणून नाव आणि हात दोन्ही शिल्लक राहिले. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता किंमतीकडे येऊ. हातमागावरच्या पैठणीत पदराची नक्षी यंत्रानं उठत नाही. ताण्याच्या धाग्यांमधून प्रत्येक रंगाची छोटी कांडी बोटांनी ओवायची, शेजारच्या रंगाच्या धाग्याला अडकवायची आणि परत फिरायचं. मोराची मान एका रंगाची, पिसारा चार रंगांचा, मधे जर. एका ओळीत वीस-वीस कांड्या लोंबत असतात. दिवसभर बसून पदर बोटभर पुढे सरकला तरी चांगलं म्हणायचं. म्हणूनच अस्सल पैठणीची उलटी आणि सुलटी बाजू जवळजवळ सारखी दिसते. पदर उलटून बघा. मागे धागे लांबच लांब लोंबताहेत किंवा कातरलेले दिसताहेत, तर ती यंत्रावरची. ती घेऊ नये असं नाही, आमच्यातल्या कितीतरी जणींकडे तीच आहे. फक्त अस्सलची किंमत देऊन ती घेऊ नये.

समजा, भरगच्च पदराच्या एका पैठणीला आठ महिने लागले. महिन्याचे २५ दिवस धरले तर २०० दिवस. रोज ५०० रुपये मजुरी धरली, आणि एवढ्यात आज गवंड्याच्या हाताखालचाही येत नाही, तरी नुसती मजुरी १ लाख झाली. रेशीम, जर, रंगणावळ, दुकानदाराचा नफा त्यावर. शिवाय रेशीम उकलून कांड्या भरायचं काम बहुतेक घरांत बायको नाहीतर सासू करते. तिची मजुरी या हिशेबात धरलेलीच नाही, आणि घरातही कुणी धरत नाही. मग पाच-सात हजारांत ‘हातमागाची भरजरी पैठणी’ कुणी देत असेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर ती हातमागाची नाही, नाहीतर कुणाचे तरी दोनशे दिवस फुकट गेले आहेत.

दुसऱ्या टोकाला २०२२ मधली ती ११ लाखांची पैठणी आठवते? झी मराठीवरचा ‘होम मिनिस्टर’ २००४ पासून घराघरांत पैठणी वाटत आला होता. त्याच्या ‘महामिनिस्टर’ पर्वात बक्षीस होतं ११ लाखांची, सोन्याच्या जरीची पैठणी. त्यावर पुष्कळ टिंगल झाली. एवढ्या पैशात घर झालं असतं, मुलीचं शिक्षण झालं असतं, हे सगळं बोलून झालं. आमच्यातही दोन तट पडले होते. एक गट म्हणे, ते लुगडं कपाटात ठेवायचं की बँकेच्या लॉकरमध्ये? दुसरा म्हणे, पुरुषांच्या कुस्तीच्या चांदीच्या गदेबद्दल कुणी विचारतं का, की हिचा उपयोग काय? तो वाद अजून मिटलेला नाही. आम्हाला त्यात खटकलं ते वेगळं. बायकांच्या एवढ्या खेळांत पैठणी नेहमी बक्षीस म्हणून मिळते. आपण ती स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या मनानं घेतली, अशा बाया किती?

आणि एकदा आलेली पैठणी राहते का? जुन्या पैठण्यांत जर सोन्याचांदीची असे. अडचण आली की ‘जुनं जरीचं’ घेणारा दारात यायचाच, आजही येतो. तो पदराची नक्षी बघत नाही, तराजू काढतो. मग ते कापड जाळून राखेतून धातू काढतात. शेकडो वर्षांचे किती नमुने असे भट्टीत गेले असतील. आमच्यापैकी एकीच्या आजीची पैठणी १९७२ च्या दुष्काळात अशीच गेली. आजी सांगायची, आलेल्या पैशात घरात ज्वारी आली आणि दोन म्हशी तगल्या. तिला त्याचं वाईट वाटत नसे. फक्त पदरावर मोर किती होते, ते ती प्रत्येक वेळी वेगळं सांगायची.

दुसरीच्या घरची पैठणी मात्र वाचली आहे. माहेरून आलेली, वांगी रंगाची, पदर दोन घड्यांवर चिरलेला. जरवाल्यानं तिचे जे पैसे सांगितले तेवढ्यात आज धड यंत्रावरची साडीही येणार नाही. तिनं दिली नाही. त्यानंतर केंद्रातल्या एका जुन्या विणकरांना ती दाखवली, तर त्यांनी पदर उलटा करून, चष्मा कपाळावर सरकवून, बराच वेळ बोटं फिरवली. मग म्हणाले, ‘हा फेरा आता आम्ही घेत नाही.’ त्यांनी नमुना कागदावर काढून घेतला.

तुमच्याकडे अशी एखादी असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या, धुतलेल्या, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. अत्तर, सेंट फवारू नका, जर काळी पडते. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका, त्याऐवजी पुरचुंडीत लवंगा ठेवा. चार महिन्यांनी बाहेर काढून सावलीत वारा द्या आणि घडी बदला, कारण जर नेहमी एकाच घडीवर तुटते. आणि नाथषष्ठीला पैठणला आलात तर दर्शन झाल्यावर मागांवरही डोकावून जा. घ्यायची नसली तरी चालेल. पदर मात्र उलटून बघा.