तबकडीवरचं नाव

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्याच्या एका हॉटेलात आपली यंत्रं मांडली आणि गौहर जान त्या भोंग्यासमोर उभ्या राहून गायल्या. गाणं तीनेक मिनिटांत आटोपायचं होतं. रात्र-रात्र मैफल रंगवणाऱ्या गायिकेला ही अट किती जाचली असेल! गाणं संपता संपता त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. पुष्कळांना तो तोरा वाटतो. पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं हे कळावं, एवढ्यासाठी नाव घेण्याची ही पद्धत पडली, असं सांगतात. गाण्यापासून गाणाऱ्याचं नाव सुटू नये म्हणून केलेली ही खटपट आम्हाला फार बोलकी वाटते, कारण पुढल्या शंभर वर्षांत आपल्या गाणाऱ्यांची नावं नेमकी याच वाटेवर गळत गेली.

बार्शीच्या अमर शेखांना भोंग्याची गरज नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज थेट मैदानातल्या माणसांपर्यंत पोचत होता. सगळ्यांनाच अल्लाने तसा आवाज दिला नाही. युसूफ आझाद, अझीझ नाझां यांच्या तबकड्या आपल्या वडिलांच्या पिढीने ऐकल्या. मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, स्वस्त झाली आणि उरुसातल्या प्रत्येक गाड्यावर कव्वालीच्या कॅसेटी लागल्या. आमच्या गावातल्या एका कव्वाल चाचांनीही तेव्हा एका कंपनीसाठी आठ चिजा गायल्या. एकरकमी पैसे मिळाले, कोऱ्या कागदावर सही घेतली गेली. पुढे ती कॅसेट दुसऱ्याच वेष्टनात विकली गेली. वर लिहिलं होतं, ‘प्रसिद्ध कव्वाल’. नाव नाही. चाचा स्वतः ती दर्ग्याबाहेरून विकत घेऊन आले!

दोष केवळ कंपन्यांचा नव्हता, कायद्याचाही होता. चित्रपटासाठी पैसे घेऊन लिहिलेल्या गीतावरचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याकडे जातो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. तो बदलायला २०१२ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि या दुरुस्तीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारसांखेरीज किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेखेरीज कुणाच्या नावे लिहून देता येत नाही. आपल्यातल्या किती शायरांना हे ठाऊक आहे?

तिकडे अमेरिकेत १९९८ साली डेरेक सिव्हर्स नावाच्या एका वादकाने स्वतःची सीडी विकण्यासाठी इंटरनेटवर दुकान थाटलं. मित्र म्हणाले, आमच्याही ठेव. त्यातून ‘सीडी बेबी’ उभी राहिली. २००३मध्ये अॅपलचं आयट्यून्स दुकान उघडलं, त्यानंतर ‘ट्यूनकोर’ आली. या मंडळींना वितरक म्हणायचं. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणाऱ्याकडून थेट गाणं घेत नाहीत. मध्ये वितरक लागतो. स्पॉटिफायने २०१८मध्ये थेट घेण्याचा प्रयोग केला आणि वर्षाच्या आत गुंडाळला. कुणी वितरक वर्षाची फी घेतो, कुणी मिळकतीतला हिस्सा. पण गाणं गाणाऱ्याचंच राहतं, हा मोठा फरक.

आपल्याकडे हे वारं कुर्ल्यात लागलं. २०१४मध्ये नावेद शेख ऊर्फ नेझी या पोराने आयपॅडवर ‘आफत’ हे गाणं रेकॉर्ड केलं, त्याच यंत्रावर चित्रण केलं आणि यूट्यूबवर चढवलं. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०१९मध्ये, ‘गली बॉय’ पडद्यावर आला आणि त्याच महिन्याच्या शेवटी स्पॉटिफाय भारतात सुरू झालं. त्यानंतर गल्लोगल्ली पोरं वितरकांचे फॉर्म भरू लागली.

आमचा भाचा त्यातलाच. त्याच्यापायी आम्हीही हे शास्त्र थोडं शिकलो. गाणं तयार झालं की लगेच सोडायचं नाही, तीन-चार आठवडे पुढची तारीख धरायची. तारखेच्या किमान सात दिवस आधी सेवेच्या संपादकांकडे अर्ज करायचा, म्हणजे त्यांच्या यादीत गाणं बसण्याची आशा. पूर्वी उरुसाची पत्रकं वाटायचो, तसं आता तुकडा कापून रीलवर टाकायचा, मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅपवर फिरवायचा. टिकटॉकवर हजारोंची गर्दी जमवलेल्यांची वाट जून २०२०च्या बंदीने एका रात्रीत बंद झाली, तेव्हा एकाच दारावर अवलंबून राहू नये हेही कळलं. भाच्याने एकदा पैसे मोजून दहा हजार ‘श्रोते’ विकत घेतले. यंत्राने पकडलं, गाणं खाली उतरलं, पैसेही गेले. बरं झालं, असं आम्ही त्याच्या तोंडावर म्हणालो. रक्कम तरी कुठे मोठी असते? साऱ्या वर्गणी-जाहिरातींचा पैसा एका हौदात पडतो आणि ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो. २०२४पासून वर्षाला हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय त्यातला वाटाच देत नाही.

खरी मारामारी नावाशीच येते. इंग्रजीत ‘शेख’ लिहायच्या चार-पाच तऱ्हा. आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, पोस्टरवर तिसरी. भाच्याचं पहिलं गाणं भलत्याच कुणा सलमान शेखच्या पानावर जाऊन बसलं आणि ते आपल्या पानावर आणायला दीड महिना पत्रव्यवहार करावा लागला. एकच स्पेलिंग धरून चालायचं, ही साधी गोष्ट. पण आपल्याकडे नावं थोडी, माणसं फार! शिवाय गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं, चाल बांधणाऱ्याचं नाव त्या फॉर्मवर वेगवेगळं भरावं लागतं. पुष्कळ जण सगळीकडे स्वतःचंच ठोकून देतात, नाहीतर सरळ ‘पारंपरिक’ लिहितात.

गेल्या रमजानात भाच्याने चाचांकडून त्या आठ चिजा पुन्हा गाऊन घेतल्या. आवाज थकलाय, पण पट्टी सुटली नाही. रात्री फॉर्म भरायला बसलो. गायक – चाचांचं नाव, आधार कार्डावर आहे तसं. पुढे शायर. भाचा म्हणाला, “तुमचंच टाकू ना, नाना?” चाचा एकदम उठून बसले. “कलाम माझ्या उस्तादांचा आहे. मी फक्त गायलो.” उस्तादांना जाऊन वीस वर्षं झाली. वारस मालेगावला असावेत, यंत्रमागावर एक नातू होता म्हणे. आठही गाणी भाच्याच्या संगणकात तयार पडून आहेत. ईद झाल्यावर तो मालेगावला एक चक्कर मारून आला, नातू भेटला नाही. पुन्हा जायचा आहे.