वादळाच्या पोटात शिरलेली विमाने

वाचकहो, भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील चक्रीवादळाची आकृती आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. मधोमध एक लहानसे मोकळे वर्तुळ, त्याला ‘डोळा’ म्हणतात. त्याच्याभोवती ढगांची गोल भिंत आणि बाहेर भोवऱ्यासारखे फिरत गेलेले पावसाचे पट्टे. विद्यार्थी ही आकृती परीक्षेत काढतात आणि गुण मिळवितात. परंतु भर समुद्रात शेकडो मैल पसरलेल्या वादळाच्या आत काय चालले आहे हे माणसाला कळले कसे, असा प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एक मोठा इतिहास आहे आणि तो बराचसा विमानांचा इतिहास आहे.

विमाने नव्हती तेव्हा वादळाची माहिती जहाजांकडून मिळे. कलकत्त्यात राहणारे हेन्री पिडिंग्टन हे इंग्रज गृहस्थ वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या जमवीत आणि कुठल्या जहाजाला कुठल्या दिशेचा वारा लागला हे नकाशावर मांडून पाहत. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनीच १८४८ साली रूढ केला. सापाच्या वेटोळ्यावरून त्यांना तो सुचला. पण या पद्धतीत एक गंमत होती. वादळाची सूचना जितकी चांगली मिळू लागली तितकी जहाजे वादळापासून लांब पळू लागली, आणि जहाजे लांब गेली की वादळाची खबर देणारे कोणी उरेना!

खबर न मिळाल्यास किंवा मिळूनही न मानल्यास काय होते, हे अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन शहराने पाहिले. टेक्सासच्या किनाऱ्यालगत एका सखल बेटावर हे भरभराटीचे बंदर होते. १९०० सालच्या सप्टेंबरात क्युबावरून एक वादळ गेले. ते पश्चिमेस टेक्सासकडे जाईल असे क्युबातील जाणकारांचे मत होते. वॉशिंग्टनच्या हवामान कचेरीने ते मानले नाही. वादळ ईशान्येस वळेल असाच तिचा हिशेब होता. ८ सप्टेंबरच्या रात्री समुद्र साऱ्या बेटावरून वाहून गेला. मृतांची संख्या ६,००० पेक्षा कमी कोणी धरीत नाही. ८,००० हा आकडा पुष्कळदा दिला जातो.

याच गॅल्व्हेस्टनजवळ त्रेचाळीस वर्षांनी आपल्या कथेला वळण मिळाले. १९४३ चा जुलै महिना होता, दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने जहाजांचे बिनतारी संदेश बंद ठेवलेले होते, त्यामुळे २७ जुलै रोजी टेक्सासवर आलेल्या वादळाची पुरेशी सूचना लोकांना मिळाली नाही. जवळच्या ब्रायन विमानतळावर कर्नल जोसेफ डकवर्थ हे अधिकारी वैमानिकांना यंत्रांवरून उड्डाण करण्याचे शिक्षण देत असत, म्हणजे बाहेर काहीही दिसत नसताना केवळ समोरच्या काट्यांवर नजर ठेवून विमान चालविण्याचे. तिथे शिकत असलेल्या काही ब्रिटिश वैमानिकांनी त्यांच्या एटी-६ या एका इंजिनाच्या लहान विमानांची थट्टा केली. वादळ येणार म्हणून ही विमाने पळवून न्यावी लागतात, मग ती कसली विमाने! डकवर्थ यांनी पैज स्वीकारली. वरिष्ठांची परवानगी न घेता, राल्फ ओहेअर या दिशादर्शकाला बरोबर घेऊन ते थेट वादळात शिरले. अंधार, पाऊस आणि प्रचंड हिसके यांतून जाता जाता विमान एकाएकी उजेडात आले. भोवती ढगांच्या उंच भिंती आणि खाली स्पष्ट दिसणारी जमीन! ते वादळाच्या डोळ्यात पोहोचले होते.

दोघे सुखरूप परत आले तेव्हा तळावरील हवामान अधिकारी विल्यम जोन्स-बर्डिक तिथे उभे होते. आपल्यालाही न्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. ओहेअर उतरले, हे चढले आणि डकवर्थ त्याच दिवशी दुसऱ्यांदा वादळात गेले. पुस्तकांतून पहिल्या फेरीचेच कौतुक होते. मला दुसरी फेरी अधिक मोलाची वाटते. पहिल्या फेरीत पैज होती, दुसरीत हवामानशास्त्र जाणणारा माणूस निरीक्षणासाठी जाऊन बसला होता. शिवाय डकवर्थ यांचे धाडस आंधळे नव्हते, काट्यांवर विश्वास ठेवण्याची विद्या ते इतरांना शिकवीत होते.

इथे एखादा विद्यार्थी विचारील की ताशी शंभर-सव्वाशे मैलांच्या वाऱ्यात विमान मोडत कसे नाही? त्याचे असे आहे की नदीच्या जोरदार प्रवाहातली होडी प्रवाहाबरोबर वाहत जाते, प्रवाह सगळीकडे सारखा असेल तर तिला धक्का बसत नाही. विमानही त्या हवेतच तरंगत असते. धोका असतो तो वाऱ्याचा वेग एकदम बदलतो तिथे, आणि वर उसळणाऱ्या व खाली कोसळणाऱ्या हवेच्या लोटांचा. असे लोट डोळ्याभोवतीच्या भिंतीत असतात आणि डोळा गाठायचा तर त्या भिंतीतूनच जावे लागते.

पुढच्या वर्षापासून अमेरिकन सैन्याची विमाने वादळांत मुद्दाम जाऊ लागली. त्याची किंमतही द्यावी लागली. २६ सप्टेंबर १९५५ रोजी नौदलाचे एक नेपच्यून विमान कॅरिबियन समुद्रातील ‘जॅनेट’ वादळात अवघ्या सातशे फुटांच्या आसपास उडत शिरले. आत शिरत असल्याचा संदेश आला आणि त्यानंतर काही नाही. नऊ नौसैनिक आणि दोन कॅनेडियन वार्ताहर त्यात होते. ऑक्टोबर १९७४ मध्ये ‘बेस’ या टायफूनात गेलेले हवाई दलाचे विमान सहा माणसांसह असेच नाहीसे झाले. आपण वर्तमानपत्रात ‘वादळाच्या केंद्रातील दाब इतके मिलिबार’ असे वाचतो, त्या आकड्यांच्या मागे ही माणसेही आहेत.

१९५४ साली तीन भयंकर वादळांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला झोडपले. तेव्हा सरकार जागे झाले आणि रॉबर्ट सिम्प्सन या शास्त्रज्ञांच्या हाताखाली वादळ-संशोधनाची स्वतंत्र योजना निघाली. आतापर्यंत वादळ कुठे आहे एवढेच पाहण्यासाठी विमाने जात होती. आता वादळ चालते कसे हे पाहण्यासाठी उपकरणे भरून जाऊ लागली.

आणि वाचकहो, हीच विमाने आपल्या मुंबईतही येऊन गेली आहेत. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेसाठी १९६३ साली कुलाब्याच्या वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडले. त्यासाठी मियामीहून वादळ-संशोधनाची डीसी-६ विमाने आली आणि मुंबईहून अरबी समुद्रावर उडू लागली. मे १९६३ मध्ये अरबी समुद्रात झालेल्या चक्रीवादळाचा त्यांनी वेध घेतला. जुलैत तर एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. उत्तर कोकण आणि गुजरातेत मुसळधार पाऊस पाडणारा एक भोवरा त्यांना सापडला, पण तो समुद्रपृष्ठावर जेमतेम जाणवत होता. त्याचा खरा जोर होता तीन ते सहा किलोमीटर उंचीवर. जमिनीवरच्या वायुभारमापकांना ज्याचा धड पत्ता लागत नव्हता ते विमानांना दिसले. अमेरिकेचे मिलर आणि आपले केशवमूर्ती या दोघांनी त्यावर लिहिलेला प्रबंध १९६८ साली निघाला. पुढे १९७९ सालच्या मान्सून मोहिमेतही परदेशी संशोधन-विमाने मुंबईस आली होती.

आता एका मोठ्या आशेची गोष्ट सांगतो, कारण मला या सर्व इतिहासात तीच सर्वांत शिकण्यासारखी वाटते. वादळ मोजता येते, तर ते दुबळे करता येणार नाही काय? डोळ्याच्या भिंतीबाहेरच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारले, तर शून्य अंशाखाली जाऊनही न गोठलेले पाणी गोठेल, त्यातून उष्णता सुटेल, जुन्या भिंतीच्या बाहेर नवी मोठी भिंत तयार होईल आणि वारा मंदावेल, अशी कल्पना होती. गिरकी घेणाऱ्या मुलाने हात पसरले की त्याचा वेग कमी होतो, तसेच हे. १९६२ साली ‘स्टॉर्मफ्यूरी’ या नावाने ही योजना सुरू झाली. १९६५ मध्ये तिची सूत्रे जोआन सिम्प्सन यांच्याकडे आली. हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. ही पदवी बाईचे काम नव्हे, असे त्यांना विद्यार्थिदशेत ऐकविण्यात आले होते. १९४९ साली त्यांनी ती मिळविली. मुलींच्या पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये ‘डेबी’ वादळावर दोन दिवस फवारणी झाली. वारा एका दिवशी ३१ टक्के आणि दुसऱ्या दिवशी १८ टक्के उतरला! सगळीकडे आनंद झाला. अधिक चांगली विमाने हवीत म्हणून १९७० नंतरच्या दशकात चार इंजिनांची दोन ओरायन विमाने घेण्यात आली. या नव्या विमानांनी मग ज्यांवर काहीच फवारले नव्हते अशी वादळे तपासली. काय दिसले? मोठ्या वादळांत जुनी भिंत विरून बाहेर नवी भिंत तयार होणे आणि वारा काही काळ उतरणे हे आपोआपच होत असते. शिवाय फवारणीला लागणारे ते न गोठलेले पाणी वादळात फारच थोडे निघाले. म्हणजे डेबीचा वारा माणसाने उतरविला, असे म्हणण्यास आधार राहिला नाही. १९८३ साली योजना गुंडाळण्यात आली. ज्या योजनेसाठी विमाने घेतली त्याच योजनेविरुद्ध त्या विमानांनी साक्ष दिली, आणि शास्त्रज्ञांनी ती मान्य केली. कित्येक वर्षांची मेहनत अशी सोडून देणे सोपे नसते.

ओरायन विमानांनाही वादळाने सोडले नाही. १५ सप्टेंबर १९८९ रोजी एक ओरायन बार्बाडोसच्या पूर्वेस ‘ह्यूगो’ वादळात दीड हजार फुटांवरून शिरले. वादळ अपेक्षेपेक्षा कितीतरी बलवान निघाले. भिंतीत असे हिसके बसले की एका इंजिनाने पेट घेतला आणि विमान नऊशे फुटांखाली आले. वैमानिकांनी ते कसेबसे डोळ्यात आणले. तिथल्या शांत हवेत तीन इंजिनांवर घिरट्या घेत ते हळूहळू वर चढले. हवाई दलाच्या दुसऱ्या विमानाने भिंतीतली त्यातल्या त्यात सौम्य वाट शोधून दिली तेव्हा सगळे बाहेर पडले. त्यानंतर बलवान वादळात इतक्या खालून शिरण्याचे टाळले जाते.

मग समुद्राजवळचा वारा मोजायचा कसा? त्यासाठी विमानातून एक नळकांडे खाली सोडतात. लहानशा छत्रीला लोंबकळत ते समुद्रात पडेपर्यंत दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा बिनतारी यंत्राने वर कळवीत राहते. १९८२ पासून दहा वर्षे वादळाच्या आसपास अशी नळकांडी टाकून पाहिली, तेव्हा मार्गाच्या अंदाजातील चुका १६ ते ३० टक्के घटल्या. १९९७ च्या सुमारास त्यांत उपग्रहांच्या साह्याने आपली जागा ओळखणारी नवी यंत्रे आली आणि भिंतीतला वारा अगदी पाण्यापर्यंत मोजता आला. त्यातून जुनी हिशेबाची रीत कमी पडत असल्याचे उघड झाले. १९९२ साली फ्लोरिडावर आलेल्या ‘अँड्र्यू’ वादळाचा वारा तेव्हा ताशी १४५ मैल लिहिला गेला होता. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, तो आकडा दुरुस्त करून १६५ केला आणि वादळ चौथ्या वर्गातून पाचव्या म्हणजे शेवटच्या वर्गात गेले.

कुणी म्हणेल की आता उपग्रह आहेत, मग माणसे धाडण्याची गरज काय? उपग्रहाचे उपकार मोठेच आहेत. परंतु उपग्रह वरून ढग पाहतो आणि ढगांच्या आकारावरून जोराचा अंदाज बांधावा लागतो. आजवर समुद्रसपाटीवर नोंदलेला सर्वांत कमी दाब, ८७० मिलिबार, १२ ऑक्टोबर १९७९ रोजी ‘टिप’ या टायफूनात विमानानेच मोजला. पश्चिम प्रशांत महासागरातील अमेरिकेच्या नियमित फेऱ्या १९८७ साली बंद झाल्या आणि तिथे पुष्कळसा भार उपग्रहावरच्या अंदाजांवर आला. आपल्या समुद्रांतही तेच आहे. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळाचा ९१२ मिलिबार हा आकडा अंदाजाने काढलेला आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ आले, त्याची सूचना वेळेवर मिळाली, माणसे हलविली गेली. पण समुद्रावर असताना त्याच्या डोळ्यात जाऊन आलेले विमान नव्हते.

अमेरिकेत मात्र हे काम चालू आहे. पीटर डॉज या रडार-शास्त्रज्ञांनी आपल्या हयातीत ३८६ वेळा वादळाच्या भिंतीतून डोळ्यात प्रवेश केला होता. २०२३ च्या मार्चमध्ये ते वारले. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘मिल्टन’ हे वादळ घोंघावत होते, त्याचा दाब ९०० मिलिबारच्याही खाली जाऊन आला होता. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची रक्षा ओरायन विमानातून नेऊन मिल्टनच्या डोळ्यात सोडली. त्या वेळी खाली पाठविलेल्या निरीक्षणांच्या संदेशात नेहमीच्या आकड्यांबरोबर त्यांचे नाव आणि ही त्यांची ३८७ वी फेरी असल्याची नोंद होती. मग विमान पुन्हा भिंतीकडे वळले. फेरीतले मोजमाप अजून पुरे व्हायचे होते.