युद्धनौकांच्या ढालीचा शोध

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माहुल हें कोळ्यांचें जुनें गांव आहे. १९५४ व १९५५ सालीं येथें तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने सुरू झाले आणि गांवाशेजारीं तेलाच्या प्रचंड टाक्या उभ्या राहिल्या. अशा टाक्या युद्धकाळीं किती असुरक्षित असतात, हें १९७१ च्या डिसेंबरांत कराचीस दिसून आलें. भारतीय नौदलाच्या लहानशा नौकांनीं ४ डिसेंबरच्या रात्रीं सोव्हिएट बनावटीचीं क्षेपणास्त्रें सोडून पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडविली. ८ डिसेंबरच्या रात्रीं केमारी येथील तेलाचे सांठे पेटविले. विजय निर्विवाद होता. परंतु त्याच्या पोटांतच एक प्रश्न दडलेला होता. जें अस्त्र कराचीवर चाललें, तें उद्यां मुंबईच्या रक्षक नौकांवर चालल्यास त्यास अडविणार कोण?

माहुलच्या दक्षिणेस त्याच किनाऱ्यावर माझगांवची गोदी आहे. तेथें ‘लिअँडर’ या ब्रिटिश आराखड्यावर बांधलेली ‘नीलगिरी’ ही फ्रिगेट जून १९७२ मध्यें नौदलांत दाखल झाली. नौका देशांत बांधली गेली, तरी तिची आकाशाकडील ढाल ब्रिटिशच होती. ‘सीकॅट’ हें तिचें नांव. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्स कारखान्याचें हें क्षेपणास्त्र १९६२ पासून ब्रिटिश नौकांवर जुन्या बोफोर्स तोफांच्या जागीं बसूं लागलें. नौसैनिकानें दुर्बिणींतून लक्ष्य पाहावें, हातांतील दांडी वळवावी, आणि रेडिओलहरींनीं अस्त्रास वाट दाखवावी, अशी त्याची पद्धति. त्याची गति ध्वनीहून कमी आणि पल्ला सुमारें पांच किलोमीटर. मंदगति विमानांस तें पुरेसें होतें. पाण्याच्या पृष्ठालगत झेपावणाऱ्या क्षेपणास्त्रापुढें मात्र मनुष्याची नजर व हात यांना अवधीच उरत नसे. १९८२ च्या फॉकलंड युद्धांत सीकॅटचें वार्धक्य उघड झालें. ब्रिटननें तत्पूर्वींच ‘सी वुल्फ’ हें नवें अस्त्र सेवेंत आणिलें होतें.

भारतानें निराळी वाट धरिली. डिसेंबर १९८३ मध्यें नौदलांत आलेल्या माझगांवच्याच ‘गोदावरी’वर लिअँडरच्या वळणाची वाफेचीं यंत्रें होतीं, पण क्षेपणास्त्र सोव्हिएट ‘ओसा’ होतें. दोन परस्परविरोधी गटांचीं यंत्रें एका नौकेंत नांदविण्याचें हें कौशल्य सामान्य नव्हतें. तथापि एका पुरवठादाराच्या जागीं दुसरा आला, एवढेंच घडलें. परावलंबन संपलें नाहीं.

तें संपविण्यासाठीं १९८३ सालींच डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखालीं एकात्मिक क्षेपणास्त्र योजना सुरू झाली व तींत ‘त्रिशूळ’ या अल्प पल्ल्याच्या अस्त्राची आंखणी झाली. तिन्ही सेनादलांस उपयोगी पडेल असें तें व्हावयाचें होतें. पण वर्षें लोटलीं, अस्त्र सिद्ध होईना, आणि नौकांना वाट पाहत बसणें परवडणारें नव्हतें. अखेर नौदलानें इस्रायलचें ‘बराक’ घेतलें. १९८७ सालीं सीकॅटसह भारतांत आलेल्या ‘विराट’ या विमानवाहू नौकेवरही पुढें बराकच बसलें. २००८ सालीं त्रिशूळची योजना अधिकृतपणें गुंडाळण्यांत आली.

या अपयशानें संशोधन थांबलें नाहीं, त्याचा मार्ग बदलला. केवळ गिऱ्हाईक न राहतां भारत इस्रायलचा भागीदार झाला व उभयतांनीं ‘बराक-८’ हें दीर्घ पल्ल्याचें क्षेपणास्त्र निर्माण केलें. डिसेंबर २०१५ मध्यें माझगांवला बांधलेल्या ‘कोलकाता’ या विनाशिकेवरून त्याची यशस्वी चांचणी झाली.

१५ जानेवारी २०२५ रोजीं मुंबईंत एक नवी ‘नीलगिरी’ नौदलांत दाखल झाली. तीहि माझगांवचीच, तिच्यावर बराक-८ आहे. पहिल्या नीलगिरीपासून येथवर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. नौकेचा सांगाडा घडविण्याची विद्या गोदीनें लवकर आत्मसात केली. ढाल घडविण्याची विद्या मात्र पैसे मोजून आयती मिळाली नाहीं. ती अपयश पचवून व भागीदारी पत्करून मिळवावी लागली, आणि तिचा कांहीं भाग अद्यापि मिळवावयाचा आहे.