गाण्याच्या चढाओढी आणि श्रोत्यांचा कौल

दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांचा विषय निघाला की शहाणीसुरती माणसे किंचित हसतात. दहा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलीस मते मिळावीत म्हणून घरातील आजोबा रात्री मोबाइलची बटणे दाबीत बसतात. आवडता गायक बाद झाला की त्या दिवशी कोणाला जेवण गोड लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत, बाजारात, आगगाडीच्या डब्यात परीक्षकांचा निवाडा पुन्हा एकवार तपासून पाहिला जातो. हे एक नवे खूळ आहे, असे पुष्कळांचे मत आहे. खूळ ते असेलही. पण नवे मात्र खचित नाही. गाणाऱ्यांच्या चढाओढी आणि त्यांत हिरिरीने पक्ष घेणारे श्रोते यांची महाराष्ट्रातील परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे. गाण्याचा निवाडा करण्याचा अधिकार सामान्य श्रोत्याच्या हाती कसकसा येत गेला आणि त्या अधिकाराचा उपयोग त्याने कसा केला, हे थोडक्यात सांगण्याचे मी आज योजिले आहे.

आरंभ आमच्या सोलापुरापासूनच करता येईल. शाहीर राम जोशी हे सोलापूरचे. उत्तर पेशवाईत त्यांचा मोठा बोलबाला होता. जन्म ब्राह्मण कुळातला, अध्ययन संस्कृताचे, पण जिवाची ओढ तमाशाकडे. त्या काळच्या फडांत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असत. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवाला. एका फडाने लावणीतून कूट सवाल टाकावा आणि दुसऱ्याने तशाच लावणीतून आयत्या वेळी त्याचा जवाब द्यावा, असा तो सामना असे. मध्यरात्र उलटली तरी डफ थांबत नसे. जवाब अडला तर तो समोर बसलेल्या साऱ्या गावाला कळे. निकाल निराळा वाचून दाखविण्याचे कारणच पडत नसे. म्हणजे श्रोता हा या सामन्याचा नुसता साक्षी नव्हता. तो अर्थ जाणणारा आणि चूक धरणारा होता. हा सवाल-जवाबाचा रंग लोकांच्या मनातून पुढेही गेला नाही. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट निघाला, तेव्हा शतकापूर्वीच्या त्या फडाची चुरस बोलपटगृहातील प्रेक्षकांनी आपलीशी केली.

शास्त्रोक्त गायनाची गोष्ट मात्र वेगळी होती. तेथे गुणाची पारख दरबारात होत असे. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई कोल्हापुरास शाहू महाराजांच्या पदरी राहिला, त्यामागे एका जाणत्या राजाची पसंती होती. सामान्य माणसाला अशा गाण्याची गोडी लागली ती मुख्यत्वे संगीत नाटकामुळे. तिकिटाचे पैसे देऊन पिटात बसलेला कारकून किंवा शिक्षक हा नव्या काळातला आश्रयदाता झाला. ‘वन्स मोअर’ हा त्याचा हुकूम, आणि तो हुकूम नटाला पाळावा लागे.

या नव्या आश्रयदात्यांचे दोन तट पडले. एक बालगंधर्वांचा, दुसरा केशवराव भोसल्यांचा. बालगंधर्व १८८८ साली जन्मले, केशवराव १८९० साली. एकाची गंधर्व नाटक मंडळी, दुसऱ्याची ललितकलादर्श. एकाच्या गळ्यात लाडिक गोडवा, दुसऱ्याच्या आवाजात तडफ आणि चढ. कोण श्रेष्ठ, यावरून मित्रांमित्रांत अबोला धरला जाई. अखेरीस टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी एकत्र येऊन ‘मानापमान’ करावयाचे ठरविले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस तो संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. एका रात्रीचे उत्पन्न सोळा हजार रुपयांच्या वर गेले. त्या काळी ही रक्कम केवढी होती, हे जुन्या माणसांना निराळे सांगावयास नको.

प्रेक्षक आले होते ते पुष्कळसे आपल्या गायकाची सरशी पाहावयाला. पण रंगभूमीवर ते दोघे एकमेकांस पाडावयास उभे नव्हते. एकाच्या गाण्याने दुसऱ्याचे गाणे उजळत गेले. त्या रात्री कोण जिंकले याचा निर्णय आजपर्यंत झालेला नाही, आणि तो न झाल्यामुळे कोणाचे काही अडलेलेही नाही. पुढे तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव ऐन एकतिसाव्या वर्षी वारले. ज्यांनी गंधर्वांचा पक्ष घेऊन केशवरावांना ऐकण्याचे टाळले असेल, त्यांना ती संधी पुन्हा मिळणार नव्हती. पक्ष घेणाऱ्या प्रत्येक श्रोत्याने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नाटकगृहात जावयाचे तर शहर गाठावे लागे. गावोगावच्या श्रोत्याला कौल देण्याची सोय झाली ती रेडिओमुळे. १९५२ साली केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्याकडे नभोवाणीचे खाते आले आणि आकाशवाणीवरील सिनेमाच्या गाण्यांस आळा बसला. शास्त्रीय संगीताचा प्रसार व्हावा हा हेतू चांगला होता. परंतु श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे तिच्यात गाण्यांची क्रमवारी लागू लागली. ध्वनिमुद्रिकांचा खप आणि ठिकठिकाणच्या श्रोतासंघांची पत्रे, अशा दोहोंचा मेळ घालून हा क्रम ठरे. नुसत्या खपावर विसंबावे तर कोणीही पैसे घालून ध्वनिमुद्रिका विकत घेईल आणि खप फुगवील, ही शंका त्या वेळीच लक्षात आली होती. बुधवारी रात्री आठला रेडिओभोवती जमलेली माणसे अमुक गाणे तिसऱ्या पायदानावरून पहिल्यावर चढले म्हणून टाळ्या पिटीत. झुमरी तलैयासारखे बिहारातले, आता झारखंडात असलेले, एक आडगाव केवळ गाण्यांच्या फर्माइशींमुळे साऱ्या देशाच्या तोंडी झाले. पोस्टकार्डावर लिहिलेले आपले व आपल्या गावाचे नाव कोणीतरी दूरवरून उच्चारील, ही आशा त्या पत्रांमागे होती. पुढील स्पर्धांतील मतदानामागेही तीच आशा आहे.

दूरचित्रवाणीवरील गाण्याची चढाओढ परदेशांत त्याच सुमारास सुरू झाली. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे युरोपातील सात देशांची पहिली युरोव्हिजन स्पर्धा झाली. दुसऱ्याच वर्षी तेथे असा नियम झाला की कोणत्याही देशाने आपल्याच गाण्यास मत देऊ नये. आपल्या माणसावर माया असते आणि मायेने न्याय होत नाही, हे त्या मंडळींनी आरंभीच ओळखले. आपल्याकडे दिल्लीस दूरचित्रवाणी १९५९ मध्ये आली, मुंबईस १९७२ मध्ये. खाजगी वाहिन्या आल्यावर १९९५ पासून झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले. तेथे प्रथम निवाडा जाणत्या परीक्षकांचा असे. २००४ साली ‘पॉप आयडॉल’ या ब्रिटिश कार्यक्रमाच्या धर्तीवर ‘इंडियन आयडॉल’ आले आणि प्रेक्षकांच्या मतांवर विजेता ठरू लागला. २००५ च्या मार्चमध्ये मुंबईचा मराठी तरुण अभिजित सावंत त्यात पहिला आला.

या दोन पद्धतींतील भेद आमच्या भागातील घरांत फार स्पष्ट दिसला. होटगी हे सोलापूरलगतचे जंक्शन. येथून एक लोहमार्ग वाडीकडे आणि दुसरा विजापूरवरून गदगकडे जातो. आमच्या कानांवर मराठीबरोबर कानडी लहानपणापासून पडते, आणि सोलापुरात पद्मशाली विणकरांच्या पेठांतून तेलुगू. त्यामुळे त्या घरांत ‘पाडुता तीयगा’ ही तेलुगू स्पर्धा आवडीने पाहिली जाई. १९९६ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात एस. पी. बालसुब्रह्मण्यम् हे स्वतः परीक्षकाच्या आसनावर बसत. मूल कोठे चुकले, शब्दाचा उच्चार कसा हवा, मूळ चालीत संगीतकाराने काय साधले आहे, हे ते प्रेमाने समजावून सांगत. कानडीतील ‘एदे तुंबी हाडुवेनु’ या कार्यक्रमातही त्यांची हीच रीत होती. २०२० च्या सप्टेंबरात ते निवर्तले, तेव्हा सोलापुरातील कित्येक घरांत आपला मास्तर गेल्याची हळहळ झाली. तो कार्यक्रम पाहणारा माणूस नकळत थोडेबहुत गाणे शिकत असे.

दुसऱ्या पद्धतीचा मराठीतील सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे २००८-०९ सालचा झी मराठीवरील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’. कार्तिकी गायकवाड आळंदीची, आर्या आंबेकर पुण्याची, प्रथमेश लघाटे रत्नागिरीकडचा, रोहित राऊत लातूरचा आणि मुग्धा वैशंपायन अलिबागची. या पाच मुलांनी महाराष्ट्रास त्या हिवाळ्यात वेड लावले. भारनियमनाचे ते दिवस. ऐन कार्यक्रमाच्या वेळी वीज गेली तर आमच्याकडील माणसे सोलापुरातील नातलगांस दूरध्वनी करून कोण काय गायिले ते विचारून घेत. कोणाला कार्तिकीचा अभंग आवडे, कोणाला आर्याचे नाट्यगीत. ज्या मुलांनी बालगंधर्वांचे नावही ऐकले नव्हते, ती नाट्यपदे गुणगुणू लागली. घरात अडगळीस पडलेल्या हार्मोनियमवरील धूळ निघाली. २००९ च्या फेब्रुवारीत कार्तिकी विजयी झाली. या एका गोष्टीसाठी तरी त्या स्पर्धेचे ऋण मान्य केले पाहिजे की, मुंबई-पुण्याबाहेरच्या महाराष्ट्रास आपलेही मूल तेथे उभे राहू शकते असा विश्वास तिने दिला.

पण या कौलाच्या पद्धतीत दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. फडासमोरचा गाव डोळ्यांदेखत निवाडा करीत असे; येथे मोजणी कोणास दिसत नाही. अशा स्पर्धांत एक माणूस हवी तितकी मते देऊ शके, आणि मताच्या प्रत्येक संदेशास नेहमीपेक्षा अधिक आकार पडे. अर्थात ज्याच्या गावाजवळ पैसा अधिक, जिद्द अधिक, त्याचे पारडे जड. जिल्ह्याचा मुलगा म्हणून मत, भाषेचा म्हणून मत. गाण्याचा क्रम त्यानंतर. गीतमालेच्या चालकांनी ओळखलेला आणि युरोव्हिजनने नियमाने टाळलेला धोका आपण उघड्या डोळ्यांनी पत्करला. शिवाय फडावरचे शाहीर जाणते होते, बालगंधर्व आणि केशवराव प्रौढ होते. येथे मतांच्या तराजूत लहान मुले बसविली जातात. बाद झालेल्या मुलाचे अश्रूही कार्यक्रमाचाच भाग म्हणून दाखविले जातात. चाळीसेक वर्षांपासून वर्गातील मुले पाहत आलेल्या माणसास हे पाहवत नाही, एवढेच सांगतो.

आणि हा कौल टिकाऊ तरी कोठे असतो? २००५ साली ‘फेम गुरुकुल’ या स्पर्धेतून अंतिम फेरीपूर्वीच बाद झालेला अरिजित सिंग हा तरुण २०१३ मध्ये ‘आशिकी २’ मधील गाण्यांनी घरोघर पोहोचला आणि त्या पिढीचा अग्रगण्य पार्श्वगायक ठरला. त्या स्पर्धेतील विजेत्यांची नावे आता किती जणांस आठवतील? ‘सा रे ग म’ च्या बालविशेषात जिंकलेली श्रेया घोषाल २००२ च्या ‘देवदास’ पासून मान्यता पावली, ती मात्र त्या विजयामुळे नव्हे, पुढील अनेक वर्षांच्या मेहनतीमुळे. स्पर्धा दार उघडून देते. आत गेल्यावर गावयाचे ते आपल्याच गळ्याने.

मग या चाहत्यांना काय म्हणावे? हसण्यावारी न्यावे असे ते मुळीच नाहीत. पक्ष घेतल्याखेरीज कान तयार होत नाही, असा अनुभव आहे. आपला गायक का श्रेष्ठ, हे दुसऱ्यास पटवून देताना माणूस सूर, ताल, शब्द यांकडे लक्ष देऊ लागतो. गंधर्वांचा आणि केशवरावांचा पक्ष घेऊन भांडणाऱ्यांतूनच संगीताचे जाणते रसिक निपजले. परंतु त्यांचे भांडण नाटकगृहाशी संपत नसे. ते आपल्या गायकामागे वर्षानुवर्षे, गावोगाव हिंडत; त्याच्या उतारवयातील थकलेला आवाजही त्यांनी प्रेमाने ऐकून घेतला. बालगंधर्व १९६७ साली वारले, तोपर्यंत आणि त्यानंतरही त्यांचे चाहते त्यांचेच राहिले. आजच्या चाहत्याचे प्रेम अंतिम फेरीच्या रात्री शिगेस पोहोचते आणि पुढील पर्व सुरू झाले की नव्या मुलाकडे वळते.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. स्पर्धा आवडीने पाहावी, आपला पक्ष जोराने मांडावा. दोनशे वर्षांची ती आपली वहिवाट आहे. मात्र निकाल लागल्यावर दोन गोष्टी कराव्या. जो जिंकला त्याचे गाणे पाच वर्षांनी पुन्हा ऐकावे, आणि जो हरला त्याचे गाणे त्याच महिन्यात, तिकीट काढून, जवळच्या गावी जाऊन ऐकावे. मत देण्यास एक क्षण पुरतो. गायकाला मात्र पुढे जन्मभर गावयाचे असते, आणि त्याला श्रोतेही तितकीच वर्षे लागतात.